बालवीरांचा पहिला नियम कोणासाठी?



रविवारी सकाळी पवित्र मिस्सा आटोपून घराकडे परतताना पिरनवाडीच्या परिसरात एक दृश्य अनेकांनी पाहिले असेल. शाळेच्या पटांगणावर वीस-पंचवीस मुले गळ्यात रंगीत रुमाल बांधून रांगेने उभी असतात. ध्वज चढतो, प्रार्थना होते आणि मग कोणी दोराच्या गाठी मारू लागतो, कोणी सोबत्याच्या धडधाकट पायाला मोडका समजून फळ्या बांधतो, तर कोणी तीन विटांची चूल मांडून ती पेटविण्याची खटपट करतो. या गलक्यात दोन-तीन प्रौढ माणसे शांतपणे हिंडत असतात. त्यांपैकी एक शाळेतील गुरुजी असतात, दुसरे उद्यमबागेतील फौंड्रीत आठवडाभर भट्टीची धग सोसून आलेले गृहस्थ. या कामाबद्दल त्यांना एक पैसाही मिळत नाही. उलट मुलांच्या खाऊसाठी त्यांचाच खिसा वेळोवेळी हलका होतो.

अशा माणसांविषयी गावात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काही जण म्हणतात, "याला घरी काही काम नाही वाटते!" दुसरे काही म्हणतात, "मोठी पुण्याची माणसे, त्यांना कोण काय विचारणार?" वास्तविक या दोन्ही बोलण्यांत चूक आहे. पहिले बोलणे कृतघ्नपणाचे आहे, हे उघडच आहे. परंतु दुसरे त्याहून अधिक धोक्याचे आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे मूल सोपविले, त्याला विचारणारा कोणी नसावा, हे कोणाच्याच हिताचे नाही. मुलाच्या नाही आणि त्या माणसाच्याही नाही. या लेखात याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

चळवळीचा थोडा इतिहास

बालवीर चळवळ, म्हणजेच स्काउट चळवळ, एका लष्करी अधिकाऱ्याने सुरू केली, तथापि ती लष्करी चळवळ नव्हे. लॉर्ड बेडन-पॉवेल हे तरुणपणी, 1876 साली, इंग्रजी फौजेतून हिंदुस्थानात आले होते. पुढे दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग शहराला 1899 ते 1900 या काळात वेढा पडला असता तेथील लहान मुलांनी निरोप पोहोचविण्याचे काम किती जबाबदारीने केले, हे त्यांनी जवळून पाहिले. मुलावर विश्वास टाकला की मूल त्या विश्वासाएवढे वाढते, हा धडा त्यांच्या मनात राहिला. 1907 च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधील ब्राउन्सी नावाच्या बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच कामकऱ्यांच्या घरचीही होती. पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ जगभर पसरली.

आपल्या देशात ती 1909 साली आली, पण प्रारंभी तिचे दार फक्त इंग्रज व अँग्लो-इंडियन मुलांनाच उघडे होते. आपल्या मुलांना त्या दाराबाहेर उभे ठेवलेले पाहून अॅनी बेझंटबाईंनी मद्रासेत निराळी संस्था काढली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पकवासा आदी पुढाऱ्यांच्या प्रयत्नाने हे निरनिराळे प्रवाह एकत्र आले आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था जन्मास आली. वीरबालांची, म्हणजे गाइड मुलींची शाखा पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला तिला येऊन मिळाली.

निःस्वार्थ स्वयंसेवेची परंपरा आपल्या बेळगावच्या मातीलाही नवी नाही. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन होय. गंगाधरराव देशपांड्यांनी त्याची सारी उभारणी केली, आणि डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक तेथे राबले. त्या अधिवेशनासाठी खणलेली विहीर आजही उभी आहे. बालवीर चळवळ आणि सेवा दल यांचे मार्ग निराळे होते. परंतु मोबदल्याची अपेक्षा न धरता शिस्तीने राबणारा माणूस दोघांनाही सारखाच हवा होता.

बालवीराचे नियम नऊ आहेत. तो सर्वांचा मित्र असतो, विनयशील असतो, प्राण्यांवर व निसर्गावर प्रेम करतो, काटकसरी असतो, मन, वाणी व कृतीने शुद्ध असतो, इत्यादी. परंतु या सर्वांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर जो नियम आहे तो असा, की बालवीर हा विश्वासपात्र असतो. मुले हा नियम पाठ म्हणतात आणि मोठी माणसे तो म्हणवून घेतात. प्रश्न असा आहे की हा नियम प्रथम कोणाला लागू आहे?

या प्रश्नाचे उत्तर मला सेमिनरीतील ग्रंथांनी दिले नाही. ते एका फौंड्री कामगाराने दिले, आणि तेही मी त्याला चुकीचा सल्ला दिल्यानंतर.

गडावरचा एक दिवस

काही वर्षांपूर्वी, नाताळचे दिवस सरल्यावर, आमच्या भागातील एका पथकाची सहल येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेली होती. चोवीस मुले, तीन टोळ्या आणि सोबत दोन प्रौढ: एक गुरुजी आणि दुसरे ते फौंड्रीतले गृहस्थ, ज्यांना मुले 'दादा' म्हणतात. थंडीचे दिवस, आकाश निरभ्र, मुलांचा उत्साह दांडगा. गडावर भाकऱ्या सोडल्या, तटबंदीवरून बेळगाव शहर पाहिले, खेळ झाले आणि तिसऱ्या प्रहरी उतरण्यास प्रारंभ झाला. दोन टोळ्या गुरुजींसोबत पुढे गेल्या. एक टोळी भांडी धुऊन, जागा झाडून दादांसोबत मागून निघाली.

पायथ्याशी सर्व एकत्र आले तेव्हा मुले तेवीस भरली.

दहा वर्षांचा एक मुलगा नव्हता. तो पुढच्या टोळीतला होता. पण भांडी धुणाऱ्या मित्रासाठी मागे रेंगाळला होता. गुरुजींना वाटले, तो दादांबरोबर आहे. दादांना वाटले, तो आपल्या टोळीसह पुढे गेला. दोघांपैकी कोणीही निष्काळजी नव्हते. प्रत्येकाने एवढेच गृहीत धरले की मूल दुसऱ्याच्या नजरेखाली आहे.

दादा धावतच पुन्हा गड चढले. मुलगा देवळाच्या पायरीशी बसलेला सापडला. गुरे घेऊन आलेल्या एका वृद्ध गृहस्थाने त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिले होते व ते त्याच्याजवळ बसून राहिले होते. मुलाच्या गालांवर अश्रूंचे ओघळ वाळलेले होते, पण दादांना पाहताच तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना, चुकलो तर आहे तिथंच थांबायचं. मी थांबलो."

वाचकहो, त्या मुलाने आपला नियम पाळला होता. चुकली होती ती मोठी माणसे.

दिवेलागणीला सर्व मुले सुखरूप घरी पोहोचली. थोडा उशीर झाला एवढेच. कोणाच्याही आईबापांना काही कळले नाही. त्याच रात्री दादा माझ्याकडे आले. अंगावरची धूळही त्यांनी झटकली नव्हती. झालेला सारा प्रकार त्यांनी सांगितला आणि विचारले, "फादर, त्या पोराच्या घरी सांगू ना?"

मी क्षणभर विचार केला. ते मूल आपल्या धर्मग्रामातील नव्हते. जवळच्या आळीतील एका मुसलमान कुटुंबातले होते. बापाने मोठ्या विश्वासाने त्याला पथकात घातले होते. माझ्या डोळ्यांपुढे उद्याचा बोभाटा उभा राहिला. 'पाद्र्यांच्या माणसांनी पोर हरवले' असे चारचौघांत बोलले जाईल, मुले पथक सोडतील, वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाईल. मी म्हणालो, "मूल सुखरूप आहे ना? मग कशाला उगाच त्यांच्या जिवाला घोर लावतोस? पुढच्या वेळी काळजी घ्या म्हणजे झाले."

दादा काही बोलले नाहीत. मान लववून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळले की माझ्या दारातून ते सरळ त्या मुलाच्या घरी गेले होते. उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी सारे सांगितले आणि क्षमा मागितली. मुलाचा बाप अतिशय संतापला. त्याने जे बोलायचे ते बोलून घेतले आणि मुलाला पथकातून काढले. दादांनी ते सर्व ऐकून घेतले. मी त्यांना विचारले, "मी नको म्हटले असता तू का गेलास?" ते म्हणाले, "फादर, उद्या तो पोरगा पहिला नियम म्हणणार. मी त्याच्यासमोर उभा राहून तो कोणत्या तोंडानं ऐकू?"

त्या दिवशी पापनिवेदनाची गरज मला होती, त्यांना नव्हती.

यरुशलेमच्या वाटेवर

संत लूकच्या शुभवर्तमानातील बारा वर्षांच्या येशूची कथा आपल्या प्रत्येक घरी ठाऊक आहे. वल्हांडणाचा सण आटोपून नासरेथची मंडळी परत निघाली. मूल आपल्या सोबत्यांत व नातलगांत कोठेतरी असेल असे समजून पवित्र मरिया आणि संत योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. मग शोधाशोध झाली, आणि तिसऱ्या दिवशी ते मंदिरात सापडले. ही कथा मी कितीतरी वेळा उपदेशात सांगितली आहे. परंतु राजहंसगडाच्या त्या सहलीनंतरच तिच्यातील एक बारकावा माझ्या ध्यानात आला. जगातील सर्वांत पवित्र आईबापांच्या हातूनही मूल नजरेआड झाले, आणि तेही त्याच कारणाने. ते दुसऱ्या कोणाजवळ असेल असे वाटल्यामुळे. यात त्यांचे पाप नव्हते. तथापि चूक उमगताच त्यांनी काय केले? सोबतच्या लोकांना काय वाटेल याचा विचार त्यांनी केला नाही. नातलगांत विचारपूस केली, आल्या वाटेने माघारी गेले आणि मूल सापडल्यावर आपली व्यथा लपविली नाही.

गृहीत धरणे हा मनुष्यस्वभाव आहे. झाकून ठेवणे हा मात्र निश्चय असतो. पहिल्याची क्षमा मिळते. दुसऱ्याने विश्वासाचा पायाच पोखरला जातो.

मी हे सांगत आहे याला आणखी एक कारण आहे, आणि ते सांगताना धर्मगुरू या नात्याने मला लाज वाटते. गेल्या काही दशकांत अनेक देशांत उघड झाले की लहान मुलांवर अत्याचार झाले असताना धर्मसभेतील जबाबदार माणसांनी संस्थेचे नाव राखण्यासाठी ते झाकले. त्या अपराधांची आणि गडावरील त्या चुकीची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु झाकण्याची वृत्ती एकच आहे, आणि ती त्या रात्री माझ्या मनात आली होती. 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी नवा धर्मनियम घालून दिला, की असा प्रकार कानी आल्यास धर्मगुरू व व्रतस्थ यांनी तो वरिष्ठांना कळविलाच पाहिजे. आपल्या देशाचा 2012 चा पॉक्सो कायदा तर प्रत्येक नागरिकाला लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. "आपसांत मिटवू" ही भाषा येथे चालत नाही. देवाच्या न्यायासनापुढे नाही आणि देशाच्याही नाही.

रोजच्या व्यवहारातील काही प्रश्न

विश्वासपात्र असणे म्हणजे काय, हे मोठ्या प्रसंगांतूनच कळते असे नाही. किंबहुना ते लहानसहान गोष्टींतूनच घडते. पथकाचे काम करणाऱ्या मंडळींशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून जे प्रश्न पुढे आले, त्यांपैकी काही येथे मांडतो.

पहिला प्रश्न एकट्याने असण्याचा. एखादे मूल घरी सोडायचे आहे, एखाद्याला बाजूला घेऊन समजवायचे आहे, रात्री तंबूत कोणाला बरे वाटत नाही. अशा वेळी एक प्रौढ आणि एक मूल बंद दाराआड कधीही एकटे असू नयेत. दुसरा प्रौढ नजरेच्या टप्प्यात असावा. काही जणांना यात आपल्यावर अविश्वास दाखविला असे वाटते. मी त्यांना म्हणतो, देवळातील दानपेटीचे पैसे आपण दोघे मिळून मोजतो ते कोणी चोर आहे म्हणून नव्हे. मोजणाऱ्याचे नाव निर्मळ राहावे म्हणून मोजतो. मग मूल हे पैशाहून कमी मोलाचे आहे काय? मोबाईलवर मुलांची छायाचित्रे काढून व्हॉट्सअॅपवर पाठविण्यापूर्वी आईबापांना विचारणे, हेही याच सावधपणात येते.

दुसरा प्रश्न परीक्षेचा. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत मुले राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाऊ शकतात. कधी पालकांकडून आग्रह होतो: "थोडे राहिले आहे, करून टाका सही." मूल गुणी असते, गरीब असते, आणि प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडेल असेही वाटते. दयेपोटी सही करण्याचा मोह होतो. परंतु ज्या मुलाला प्रथमोपचार येत नसताना 'येतो' असे आपण लिहिले, त्याच्यासमोर उद्या कोणी रक्तबंबाळ होऊन पडला तर आपल्या सहीने रक्त थांबणार नाही. शिवाय मुलाला सर्व कळते. आपल्याला हा बिल्ला खोटा मिळाला, हे तो जन्मभर विसरत नाही, आणि देणाऱ्यालाही विसरत नाही. खरी दया म्हणजे आणखी दोन रविवार त्याच्याबरोबर बसून त्याला ते शिकविणे होय.

तिसरा प्रश्न आपल्याच मुलाचा. पथक चालविणाऱ्याचा मुलगा पथकात असला की दोन टोकांच्या चुका होतात. कोणी त्याला टोळीनायक करून टाकतो. कोणी पक्षपाताचा आरोप नको म्हणून त्याच्याशी इतरांपेक्षा कठोर वागतो. दोन्ही ठिकाणी मुलाचा विचार होत नाही, आपल्या नावाचा होतो. अशा वेळी त्या मुलाची परीक्षा दुसऱ्या सहकाऱ्याने घ्यावी आणि टोळीनायक निवडताना मुलांचे मत विचारावे, हा साधा उपाय आहे.

चौथा प्रश्न शिक्षेचा. आपल्या लहानपणी छडी लागे छमछम, असे म्हणत अनेक जण आजही हात उगारतात. मुलांचे थोर मित्र संत जॉन बॉस्को यांनी तूरिन शहरातील रस्त्यांवरची, कारखान्यांतली उनाड समजली जाणारी मुले 1841 पासून जवळ केली. त्यांची पद्धत विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन खांबांवर उभी होती. मारहाणीला तीत स्थान नव्हते. ज्याच्या हाताची भीती वाटते, त्याला मूल खरे सांगत नाही. आणि ज्याला मूल खरे सांगत नाही, त्याला संकटाच्या वेळी मुलाचे रक्षण करता येत नाही.

पाचवा प्रश्न धर्माचा आणि भाषेचा, आणि तो आपल्या सीमाभागात विशेष नाजूक आहे. एकाच पथकात ख्रिस्ती, मराठा, लिंगायत आणि मुसलमान मुले असतात. कोणी घरी कोंकणी बोलतो, कोणी मराठी, कोणी कन्नड, कोणी उर्दू. 1 नोव्हेंबर 1956 रोजी झालेल्या राज्यांच्या पुनर्रचनेपासून या भागात भाषेच्या प्रश्नाने माणसांची मने किती दुखावली आहेत, ते मी सांगावयास नको. त्या प्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो. परंतु मुलाच्या तोंडच्या भाषेची थट्टा ज्या पटांगणावर होते, तेथे 'बालवीर सर्वांचा मित्र' हा नियम पाठ करून काय उपयोग? शिबिरात सर्वधर्म प्रार्थना असते, तिच्यात आपल्या मुलांनी आदराने उभे राहावे. आपल्या मुलांचा रविवारचा मिस्सा चुकणार नाही अशी व्यवस्था मात्र आपण आधीच करावी, आणि शेजारच्या मुलाच्या नमाजाची वेळही तितक्याच आस्थेने लक्षात ठेवावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास आपल्याला शिकविले. ती शिकवण शिबिराच्या पंगतीत आचरणात येते.

सहावा प्रश्न दूर होण्याचा, आणि तो कदाचित सर्वांत अवघड आहे. चूल पेटत नसली की मोठ्यांचे हात शिवशिवतात. मुलांनी भात करपविला तर करपू द्यावा आणि तोच सर्वांनी मिळून खावा, यातच या शिक्षणाचे मर्म आहे. पाणी, आग आणि उंच कडा यांपाशी मात्र प्रौढाने क्षणभरही डोळा मिटू नये. कोठे मागे सरायचे आणि कोठे पुढे उभे राहायचे, हे ओळखणे म्हणजेच या कामातील अर्धे शहाणपण होय.

हे मागे सरणे काही वेळा पदापासूनही असते. फ्रान्समध्ये येशूसंघीय धर्मगुरू झाक सेव्हँ यांनी बालवीर चळवळीचा सखोल अभ्यास केला. त्या काळी अनेक कॅथलिकांना ही परक्या पंथाची गोष्ट वाटे. ती शंका दूर करून 1920 साली त्यांनी इतरांच्या साहाय्याने फ्रेंच कॅथलिक बालवीर संघटना उभी केली. पुढे त्याच संघटनेतील जबाबदाऱ्यांवरून त्यांना दूर करण्यात आले. त्यांनी तट पाडले नाहीत, कटुता पसरविली नाही; आज्ञापालन केले आणि 1951 मध्ये मृत्यू येईपर्यंत प्रभूची सेवा चालू ठेवली. 2012 साली धर्मसभेने त्यांना 'वंदनीय' म्हणून घोषित केले. "मी नसलो तर पथक बुडेल" असे ज्यांना वाटते, त्यांनी या साधुपुरुषाचे स्मरण अवश्य करावे.

घरच्या मंडळींना दोन शब्द

हा लेख केवळ स्वयंसेवकांसाठी नाही. मूल पाठविणाऱ्या घरांचीही काही जबाबदारी आहे. मूल पटांगणावर सोडले आणि आपण मोकळे झालो, असे होऊ नये. कोण बरोबर जाणार, कोठे जाणार, केव्हा परतणार, वर्गणीचा हिशेब कोणाकडे आहे, हे निःसंकोच विचारा. प्रामाणिक माणसाला प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्याचे ओझे हलके होते. मूल घरी आल्यावर "मजा आली का?" एवढेच न विचारता त्याचे निवांतपणे ऐका; आणि ते काही अवघड सांगू लागले तर "गप्प बस, असे बोलू नये" असे कदापि म्हणू नका. फौंड्रीतून थकून आलेला माणूस आपला रविवार तुमच्या मुलाला देतो, तेव्हा वर्षातून एखादी सहल तरी त्याच्या सोबतीने चाला.

त्या मुलाच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून लेखणी आवरती घेतो. दोन रविवार तो मुलगा आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, आणि त्याच्या मागोमाग त्याचा बापही आला. तो दादांपाशी जाऊन म्हणाला, "त्या रात्री तुम्ही आला नसता आणि मला दुसऱ्याकडून कळलं असतं, तर माझं पोर या मैदानावर पुन्हा दिसलं नसतं. आता पुढच्या वेळी मीही येतो." मी बाजूलाच उभा होतो. त्या रात्री माझा सल्ला मानला गेला असता तर आपण काय गमावले असते, हे मला तेव्हा पूर्णपणे समजले. ज्या नावाची मी काळजी करीत होतो, ते नाव माझ्या झाकण्याने नव्हे, दादांच्या कबुलीने वाचले होते.

पुढच्या थंडीत पथक पुन्हा राजहंसगडावर गेले. या खेपेस प्रौढ तीन होते आणि त्यांच्याबरोबर मीही गेलो. निघताना, गडावर पोहोचल्यावर, जेवणानंतर आणि उतरण्यापूर्वी, प्रत्येक वेळी हजेरी झाली. आणि ती नावे घेऊन, केवळ डोकी मोजून नव्हे. उतरताना सर्वांच्या मागे त्या मुलाचा बाप चालत होता. पायथ्याशी त्याने शेवटची हजेरी घेतली. सर्व मुले 'हजर' म्हणाली. मग त्याने माझ्याकडे पाहून हसत विचारले, "फादर, आणि तुम्ही?"

मीही म्हणालो, "हजर."

ज्याने एकही मेंढरू हरवू दिले नाही, तो उत्तम मेंढपाळ प्रभू येशू ख्रिस्त आपल्या मुलांना आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्या सर्व बंधुभगिनींना सांभाळो.